पूरक माहिती

प्रश्नांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे सव्वादहाला आला आणि तो उभ्याउभ्याच चाळायला लागला, कारण अधिवेशनाच्या दिवसांत बसून वाचायची चैन कोणालाच परवडत नसे. गृह खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन कपाटांच्या आणि एका कायम न उघडणाऱ्या खिडकीच्या मध्ये बसून सभागृहातल्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. मंत्री बदलले, सरकारं बदलली, पण त्याच्या मसुद्याला कोणत्याही मंत्र्याला पेन लावावं लागलं नव्हतं. सदस्य विचारायचे, अमुक घडले हे खरे आहे काय; तो लिहायचा, हे खरे नाही. पुढचं पोटकलम विचारायचं, असल्यास कोणावर कारवाई केली. तो लिहायचा, प्रश्न उद्भवत नाही. एवढ्या दोन वाक्यांवर त्याचं घर उभं राहिलं, मुलगा शिकला, केस गेले. हाताखालचे लोक त्याला पाठीमागे 'खरेनाही' म्हणायचे. नव्याने आलेल्या एका टंकलेखिकेला ते त्याचं आडनाव वाटलं होतं आणि तिने एका पत्रावर 'श्री. खरेनाही यांस' असं चक्क टंकून दिलं होतं. त्यावर आठवडाभर हशा पिकला. तोही हसला होता. तर असा तो गठ्ठा चाळत होता, आणि सातव्या कागदावर त्याचा अंगठा थांबला. गेल्या सोमवारी जुन्या टपालघराच्या पायऱ्यांवरील विक्रेत्यांना हटवताना नगरपालिकेचे पथक व पोलीस यांनी केलेल्या मारहाणीत किल्ल्या करून देणाऱ्या एका इसमाचा डावा डोळा निकामी झाला, हे खरे आहे काय? असल्यास, सदर काठी कोणत्या खात्याच्या कर्मचाऱ्याची होती?

इसम. त्याने तो शब्द पुन्हा वाचला. जुन्या टपालघराच्या पायऱ्यांवर किल्ल्या करून देणारा एकच होता, तीस वर्षं एकच होता, आणि तो त्याचा दादा होता.

सोमवारी दुपारी वहिनीचे तीन फोन येऊन गेले होते. तेव्हा तो उपसचिव बाईंच्या खोलीत होता आणि खिशातली ती थरथर त्याला मांडीवर जाणवत होती. पहिल्यांदा जाणवली तेव्हा त्याने फोन बाहेर काढून नाव पाहिलं, आत ठेवला, आणि मनात म्हणाला, शाळेच्या दाखल्याचं काहीतरी असेल. वहिनीचे फोन असेच असायचे, पुतणीचा दाखला, पाण्याच्या जोडणीचा अर्ज, कुठल्यातरी साहेबाला सांगता का भाऊजी. संध्याकाळी करू म्हणाला आणि राहून गेलं. मंगळवारी राहून गेलं. बुधवारी आता इतक्या उशिरा काय करायचा म्हणून राहून गेलं. आज शुक्रवार. वहिनी सांगणार होती ते आता सभागृहाच्या शिक्क्यासह, क्रमांकासह, तीन प्रतींत त्याच्या हातात आलं होतं, आणि त्याला सगळ्यात आधी वाटलं ते हे की प्रश्नाची वाक्यरचना चांगली आहे, कुठे फट नाही. हे वाटल्याची त्याला लाज वाटली. पण क्रम तोच होता, आधी वाक्यरचना आणि मग दादा.

प्रश्न विचारणारी सदस्य पूर्वी शाळेत शिकवायची म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती विरोधी बाकांवर शेवटून दुसऱ्या रांगेत बसे आणि कागद हातात असल्याशिवाय कधी उभी राहत नसे. उपसचिव बाईंना तिची धास्ती होती. "हिला मोघम चालत नाही," त्या म्हणाल्या. "अहवाल मागवलेत का?" त्याने मागवले होते. दोन्ही दुपारपर्यंत आले. पोलीस ठाणं म्हणत होतं की आम्ही फक्त बंदोबस्ताला होतो, हटवण्याची कारवाई नगरपालिकेची. आणि नगरपालिका म्हणत होती की आमच्या पथकाला काठ्या दिल्याच जात नाहीत, काठ्या असतात त्या पोलिसांच्या. सदर इसम पळताना आपल्याच अवजारांच्या पेटीवर पडला, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. म्हणजे काठी होती, पण ती कोणाचीच नव्हती. हवेतच उगवली आणि हवेतच विरली. एरवी असल्या जागी त्याला बारीकसं हसू यायचं, एखाद्या शिंप्याला आडवं फाटलेलं कापड बघून येईल तसं, की हे आता आपण असं शिवू की कळणारही नाही. पेटी त्याला माहीत होती. पत्र्याची, निळी, झाकणाला आतून आरसा लावलेली. बाबा गेले त्या वर्षी दादाने शाळा सोडली आणि कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली लागला, तेव्हा म्हाताऱ्याने दिलेली. त्या पेटीवर बसून याने अर्धी शाळा आणि सगळं कॉलेज वाचून काढलं होतं, आणि दादा पायऱ्यांवर बसून डाव्या डोळ्याला भिंग लावून पितळेवर कानस घासत असे, आणि मधेच भिंग न काढता मान वर करून म्हणे, "वाच मोठ्याने. मलाही कळू दे राजे कुठे गेले ते."

हे सांगायचं होतं. उपसचिव बाईंना सांगायचं होतं की मॅडम, हा इसम माझा भाऊ आहे, ही फाइल दुसऱ्या कोणाला द्या. नियमात तशी सोय होती. एका ओळीचा अर्ज, आणि तो अर्ज त्याच्याइतका चांगला कोणी लिहिला नसता. तो दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेला. पहिल्यांदा आत कोणीतरी होतं. दुसऱ्यांदा त्या एकट्याच होत्या, चष्मा कपाळावर, आणि त्यांनी विचारलं, "काय हो?" आणि त्याला एकदम दिसलं की 'माझा भाऊ' म्हटल्यावर त्यांच्या नजरेत काय होईल. त्या काही बोलणार नाहीत. फक्त त्याच्या शर्टाकडे, चपलांकडे नव्याने पाहतील; फुटपाथवरच्या किल्लीवाल्याचा भाऊ आपल्या मंत्र्यांची उत्तरं लिहितो हे त्यांच्या मनात कुठेतरी नोंदलं जाईल. "काही नाही," तो म्हणाला. "मसुदा तीन वाजेपर्यंत देतो." मसुद्यात त्याने लिहिलं, हे अंशतः खरे आहे, चौकशी चालू आहे. एवढं धाडस त्याने दादासाठी केलं. बाईंनी 'अंशतः' खोडला, मग बाकीचंही खोडलं आणि म्हणाल्या, "आज काय झालंय तुम्हाला? नेहमीचं लिहा ना." त्याने नेहमीचं लिहिलं.

रविवारी सकाळी दादा घरी आला. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, तिच्या कडेने खाली गालावर उतरलेला जांभळा-पिवळा रंग, आणि दाढी केलेली. इस्पितळातून दोन तासांची सुट्टी घेऊन आला होता. अंगाला औषधाचा वास येत होता. बायकोने दार उघडलं आणि तिच्या तोंडून "अगंबाई!" निघालं, कारण तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याने असं पाहिलं की आपल्यालाही आत्ताच कळतंय. तेही दादाच्या समोर. दादा खुर्चीच्या कडेवर बसला, याच्या घरी तो नेहमी कडेवरच बसायचा. "वहिनीचा फोन लागला नसेल तुला," तो आपणहून म्हणाला. "अधिवेशन चालू असतं, मी म्हटलं तिला."

"कसं झालं रे हे?"

"काय कसं. आवरा म्हणाले, आवरत होतो. पेटीचं झाकण लागत नव्हतं. मी म्हटलं, साहेब, एक मिनिट. तर एवढंच दिसलं की काहीतरी येतंय. पोरगा होता रे. मिसरूड फुटलेलं नव्हतं. मारून तोच घाबरला."

"मग आता?"

"डॉक्टर म्हणतात, हा डोळा काढावा लागेल. काढला तर दुसऱ्याला धोका नाही. पुढच्या आठवड्यात काढतील. पोलिसांच्या मारात लागलेलं म्हणून पालिकेच्या इस्पितळात लगेच धरलंय, नाहीतर तिकडे सहा-सहा महिने नंबर लागत नाही." मग तो पुढे सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "छोट्या, एक काम होतं. ती मास्तरीणबाई येऊन गेली. म्हणाली, मंगळवारी सभागृहात मंत्र्यांना विचारणार आहे. तर वर बसून ऐकायला पास लागतो म्हणे. तू काही करू नकोस हं. नोकरीला झळ लागेल असं काही करूच नकोस. नुसता पास. मंत्री माझ्याबद्दल काय बोलतात ते एकदा कानाने ऐकावं वाटतंय."

त्याने पास दिला. त्यावर सही केली. नातं या रकान्यात त्याने 'परिचित' लिहिलं. दादाने पास उजव्या डोळ्याजवळ नेऊन वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दादा गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना ऑफिसात, तुमचा भाऊ आहे म्हणून?" आणि तो म्हणाला, "हो, हो, सांगितलंय." ती भांडी घासायला गेली, जरा जास्त आवाज करत.

त्या रात्री झोप लागली, हेच विशेष. चांगली लागली. पहाटे मात्र जाग आली ती छत्रीच्या काडीने. वर्षानुवर्षं जे आठवलं नव्हतं ते सगळं एकदम, उन्हासकट. तो नऊ वर्षांचा, दादा तेरा. मोडक्या छत्रीच्या काड्यांचा धनुष्यबाण. दादा मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होता आणि त्याने चादरीमागून हाक मारली, "दादा, इकडे बघ!" आणि दादाने बघितलं. दादा ओरडला नाही, हाताने डोळा झाकून खाली बसला आणि बोटांमधून पाणी आणि रक्त एकत्र येत होतं, आणि तशात तो म्हणाला, "पळ. आई येईल. तू इथे नव्हतास." आईला त्याने सांगितलं, कुंपणाच्या तारेवर पडलो. आईने त्याला धांदरट म्हणून दोन धपाटे घातले, दुखऱ्या डोळ्यासकट. महिनाभराने डोळा बरा झाला, बुबुळाच्या कडेला एक पांढरं फूल तेवढं राहिलं, तांदळाच्या कणीएवढं. दिसायला काही फरक पडला नाही. उलट दादा म्हणायचा, हाच डोळा जास्त चांगला आहे, बारीक खाचा यानेच दिसतात. म्हणून तर भिंग या डोळ्याला. ते फूल कसं पडलं हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. आई गेली ती कुंपणाच्या तारेला दोष देत गेली.

मंगळवारी तो अधिकाऱ्यांसाठीच्या बाकावर बसला होता, मंत्र्यांच्या उजव्या हाताला, लाकडी कठड्यामागे, मांडीवर फाइल. वर प्रेक्षकांच्या सज्जात त्याने एकदाच पाहिलं. पांढरी पट्टी दिसली, पहिल्या रांगेत, आणि त्याने मान खाली घातली ती परत वर केली नाही. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. गृहमंत्र्यांनी काठीचा विषय नगरविकास मंत्र्यांकडे टोलवला, नगरविकास मंत्र्यांनी उभं राहून तो परत टोलवला, आणि दोघं एकमेकांकडे पाहून मानेने हसले. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं होतं. मग मास्तरीण उठली. तिच्या हातात इस्पितळाचा कागद होता. "अध्यक्ष महाराज, माणूस पेटीवर पडला म्हणता. पेटीवर पडलेल्या माणसाच्या पाठीवर चार वळ कसे? पेटीला हात फुटले होते का? आणि हा डॉक्टरांचा दाखला. डोळा मारामुळे गेला असं स्वच्छ लिहिलंय. मंत्री महोदयांनी एका शब्दात सांगावं, हा दाखला खोटा आहे का?" विरोधी बाकांवरून बाकं बडवायला सुरुवात झाली. मंत्री उभे राहिले, फाइल उलटली, पुन्हा सुलटी केली, आणि मग त्यांनी उजवीकडे पाहिलं, त्याच्याकडे.

ती नजर त्याला पुढे कितीतरी दिवस समजावून घ्यायची होती. तिच्यात धमकी नव्हती. उलट होती ती अजिजी, वर्गात फळ्यापुढे अडलेल्या मुलाची. सगळ्या सभागृहात त्या क्षणी त्या माणसाला कोणाची गरज होती तर ती याची होती. आणि त्याला उत्तर येत होतं. एवढंच झालं, त्याला उत्तर येत होतं आणि ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. आतून काहीतरी वर आलं, जुनं, हुशार, बाकावर उभं राहून 'गुरुजी मी सांगू' म्हणणारं. हाताने कागदाचा तुकडा ओढला. हाताने लिहिलं, त्याच्या नेहमीच्या नेटक्या अक्षरात: डाव्या डोळ्यास बालपणापासून इजा. बुबुळावर जुने फूल. पूरक माहिती म्हणून उपयोगी. शिपाई आला, चिठ्ठी घेऊन चार पावलं चालला. त्या चार पावलांत त्याला हाक मारता आली असती. त्याने पेनाचं टोपण लावलं.

मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, आणि मुद्दाम पाणी प्याले. "सन्माननीय सदस्या ज्या डोळ्यासाठी एवढ्या कळवळल्या आहेत, त्या डोळ्यात लहानपणापासूनच फूल आहे. आता आमच्या पोलिसांवर एवढाच आरोप राहिला, की ते लोकांच्या डोळ्यांत फुलं पेरत हिंडतात!" सभागृह फुटलं. सत्ताधारी हसले, विरोधकही हसले, अध्यक्ष तोंडावर कागद धरून हसले, अधिकाऱ्यांच्या बाकावर उपसचिव बाई खांदे हलवत हसल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की आपलेही ओठ ताणले गेले आहेत. मास्तरीण काहीतरी ओरडत होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं, दादाने तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती क्षणभर अडखळली आणि त्या क्षणात अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. एका माणसाचा डोळा पुकारायला, टोलवायला आणि मिटवायला सभागृहाला अकरा मिनिटं लागली. बाहेर मार्गिकेत मंत्र्यांनी स्वतः थांबून त्याची पाठ थोपटली. "कुठून काढलंत हो हे?" "चौकशी केली होती," तो म्हणाला.

त्यानंतरचं सगळं कागदोपत्री आणि बिनबोभाट झालं. गुरुवारी पालिकेच्या इस्पितळातून पत्र आलं की सभागृहातल्या निवेदनाची प्रत मिळावी, नोंदी त्याप्रमाणे जुळवून घ्यायच्या आहेत. असं पत्र आलं की प्रत पाठवायची, हेही त्याचंच काम. त्याने पाठवली, सोबतच्या पत्रावर सही केली, जावक क्रमांक घातला. तिकडे कोणीतरी पोलिसांच्या मारातली इजा ही नोंद खोडून जुनी इजा केली, आणि जुन्या इजेला घाई कशाची, म्हणून दादाला घरी पाठवलं आणि नेहमीच्या यादीत टाकलं. हे त्याला वहिनीने फोनवर सांगितलं. या वेळी त्याने फोन उचलला होता. "भाऊजी, तुमच्या ओळखीने काही होईल का? डॉक्टर म्हणतात, आत कुजतंय. काढला नाही तर दुसऱ्यावर जाईल. पंधरा दिवसांच्या आत म्हणत होते." "बघतो मी," तो म्हणाला, आणि खरंच बघणार होता. अधीक्षकांचा नंबर लिहूनही घेतला. पण फोन करून म्हणायचं काय? की आमचं निवेदन चुकीचं आहे? कोणी सांगितलं चुकीचं आहे? तो नंबर पाकिटात राहिला, आणि पुढच्या महिन्यात त्याची बढती झाली, स्वतःची खोली मिळाली, तिची खिडकी उघडायची.

तीन महिन्यांनी तो दादाकडे गेला. बायकोने बोलणं टाकलं होतं म्हणून गेला, असंही म्हणता येईल, ती म्हणाली होती, "मला काही विचारायचं नाही तुम्हाला. फक्त एकदा जाऊन या." दुपारची वेळ होती. वहिनी दारातच भेटली, हातात पिशवी, कामावर निघालेली. ती आता एका कपड्यांच्या दुकानात काम करत होती. तिने नमस्कार केला नाही, ओरडलीही नाही. "आत आहेत," म्हणाली, "दार लावून घेऊ नका, त्यांना उजेडाचा अंदाज लागतो." खोलीत दादा जमिनीवर बसला होता, समोर फडक्यावर दहा-बारा जुनी कुलपं, आणि तो बोटांनी एकेक किल्ली चाचपून ज्याची त्याला लावत होता. डावा डोळा शेवटी काढला होता, पण ते पंधरा दिवस कधीच उलटून गेल्यावर; खाच रिकामी, पापणी आत गेलेली. उजवा डोळा उघडा होता, लालसर, दुधाळ, आणि दाराकडे वळला तो बरोबर दारावर न येता बाजूच्या भिंतीवर येऊन थांबला. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, एकाचं दुखणं दुसरा घेतो. आता उशीर झाला. "छोट्या का?" दादा म्हणाला. "चपला काढताना पाय आपटतोस अजून."

तो खाली बसला. किल्ली फिरल्याचा आवाज येत होता, मग पुढची. रस्त्यावरून कोणीतरी कोणाला हाक मारत गेलं. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, चांगली जुळवली होती, परिस्थिती, दबाव, नजरचूक. ती सगळी तोंडाशी आली आणि त्याला ओळखीची वाटली, आपलीच, जावक क्रमांक घातलेली. शेवटी तो एवढंच म्हणाला, "दादा, ते फुलाचं मंत्र्यांना मी सांगितलं."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे." दादाने हातातलं कुलूप खाली ठेवलं, अंदाजाने, फडक्याच्या बाहेर. "मी वर बसलो होतो ना. तू मान खाली घालून लिहिलंस, शिपायाला दिलंस, शिपायाने त्यांना दिलं. सगळं बघितलं मी. तेव्हा हा डोळा चांगला होता."

"मग बोलला का नाहीस? मास्तरणीला तरी सांगायचंस. उठून ओरडायचंस. बाण कोणी मारला ते सांगायचंस!" त्याचा आवाज चढला होता, जणू चूक दादाचीच होती, आणि त्या क्षणी त्याला खरोखर तसंच वाटत होतं.

"सगळे हसत होते," दादा म्हणाला. "मी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, हा हसतोय का बघू." त्याने कुलूप पुन्हा शोधायला हात पसरला. कुलूप याच्या गुडघ्याजवळ होतं. याने ते उचलून दिलं नाही. हात जवळ येत होता, जमिनीवरून चाचपडत, आणि तो हात आपल्याला लागू नये म्हणून याने पाय मागे घेतला.

"चल, ऊठ आता," दादा म्हणाला. "पोरगी शाळेतून येईल. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि तूही सांगू नकोस. वर्गात बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार. तर म्हणाली, काकासारखी."

तो उठला. जिन्यात ती समोरून आलीच, दप्तर पाठीवर, दोन-दोन पायऱ्या चढत, आणि "काका!" म्हणून तिने त्याचा हात धरला, आणि वर चला, वर चला म्हणून ओढायला लागली. घाई आहे, सभागृह चालू आहे, असं काहीतरी तो म्हणाला. सभागृह त्या महिन्यात बंद होतं. ती कठड्यावरून वाकून त्याला हात करत राहिली, आणि त्यानेही खालून हात केला, आणि रस्त्याला लागल्यावर आपण किती झपाझप चालतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो दोन चौक पुढे आला होता.